आबांच्या बोटीवरचा पहारा

पंचमीला माहेरी गेले तेव्हा न्हाणीच्या चुलीत नावेच्या फळ्या जळत होत्या. मी पाणी तापवायला बसले होते. हातातलं लाकूड जरा जड वाटलं, त्यावर डांबराचा काळा पट्टा दिसला. नावेला दरवर्षी उन्हाळ्यात आबा असलं डांबर लावायचे. मी ते लाकूड घेऊन ओसरीवर गेले. आबा सुतळी वळत बसले होते. वर न बघता म्हणाले, "वाळलंय चांगलं. जळू दे."

आमचं गाव पालम तालुक्यातलं, गोदावरीच्या काठचं. खाली बंधारा झाला तसं पाणी फुगलं आणि आमचं निम्मं शेत पलीकडं गेलं. रस्त्यानं जायचं तर पुलापर्यंत लांबचा वळसा. म्हणून आबांनी नाव ठेवली होती. तिच्यातून ते स्वतः जात, पलीकडं रान असलेल्या बाकीच्यांनाही नेत. आई गेल्यापासून आबांचं सगळं बोलणं-चालणं त्या नावेतच होतं. घरी तोंड उघडलं तर भाकरीपुरतं.

नाव माझ्या चुलतभावानं फोडली. आबांच्या सख्ख्या भावाचा मुलगा. त्याचे वडील लवकर वारले, आबांनी त्याला वाढवलं, मी त्याला राखी बांधत आले. पुढं त्याचे वाळूचे ट्रॅक्टर झाले. नदीतून रात्रंदिवस वाळू निघायला लागली आणि जिथून निघायची तिथून आबांची नाव रोज जायची. तलाठ्यानं एकदा विचारलं, वाळू कुठून काढायलेत? आबांनी बोट करून जागा दाखवली. एवढंच. आबा औषध आणायला पालमला गेलेले असताना हा घाटावर आला, माणसांकडून नाव कोरड्यावर ओढून घेतली आणि स्वतः कुऱ्हाड चालवली. घाटावर बायका धुणं धूत होत्या. म्हशी धुणारे होते. भर दुपार होती.

हे मला आबांनी नाही, शेजारच्या काकूंनी सांगितलं. सांगून झाल्यावर लगेच म्हणाल्या, "माझं नाव घेऊ नको बाई. आमी काय बघितलं न्हाई."

मी आबांना ओढतच ठाण्यात नेलं. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं, चहाही मागवला, आणि विचारलं, "पुरावा आहे का? बघितलेला कुणी बोलेल का?" आबा चहा तसाच ठेवून उठले. आम्ही परत आलो तर चुलतभाऊ ओसरीवर बसलेला. आम्ही कुठून आलो ते त्याला आम्ही पोचायच्या आधीच कळलं होतं.

"काका," तो म्हणाला, "नाव लय जुनी झालती. कुणाच्या तरी जिवावर बेतलं असतं. झालं ते बरंच झालं म्हणायचं." मग माझ्याकडं वळून, "बाई, चहा कर की. कव्हा आलीस?"

मी चहा केला. त्याच्या हातात कप दिला. तो बशीत ओतून फुरके मारत प्यायला, आणि मी दाराच्या चौकटीला टेकून त्याच्या हातांकडं बघत राहिले. त्या दिवशी जे माझ्या पोटात बसलं ते अजून उठलेलं नाही. राग म्हणावा तर राग उतरतो. हे उतरलं नाही.

परभणीत आमचं दुकान आहे. मी आणि माझे मिस्टर मिळून कॅमेरे, चोरघंट्या, दरवाजाचे सेन्सर बसवतो. दवाखाने, सराफांची दुकानं, शाळा, बंगले. तारा ओढणं, खांबावर चढणं ही कामं ते बघतात. कुठं काय लावायचं हे गिऱ्हाइकाशी बोलून ठरवणं आणि सगळं फोनवर जोडून देणं माझ्याकडं. आम्ही दोघांनी मिळून आबांना फायबरची बोट घेऊन दिली, तिला एक वापरलेलं पेट्रोलचं इंजिन बसवलं. आबांना इंजिनाची सवय व्हायला वेळ लागला. बोट लागली की वल्ही खांद्यावर टाकून ते घरी न्यायचे, जुन्या नावेची न्यायचे तशीच.

आता तिला राखण पाहिजे होती. मिस्टरांनी सरळ हिशोब मांडला. "माणूस जवळ आला की लाइट लागायचा, मोठ्यानं भोंगा वाजायचा. झालं. पळून जाईल."

"मला तो पळायला नकोय," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "अगं, अलार्म कशासाठी असतो? चोर पळून जावा म्हणून."

"सराफाकडं. इथं न्हाई."

आमचे यावरून बरेच दिवस वाद झाले. मला न वाजणारा अलार्म पाहिजे होता. घाटावर काही कळू नये, फक्त माझ्या फोनला कळावं. भोंगा असावा, पण त्याचं बटण माझ्याकडं असावं. शेवटी ते म्हणाले, "कर बाई तुला करायचं ते. पण पाण्यावर आपण कधी काम केलेलं नाही, एवढं ध्यानात ठेव."

ते खरं होतं. दुकानातल्या निम्म्या सामानाची बोटीवर फजिती झाली. हादऱ्यावर चालणारा सेन्सर लावला तर वाऱ्यानं लाट आली तरी फोन ओरडायचा. माणसाच्या उबेवर चालणारा लावला तर म्हशी, कुत्री, बगळे सगळेच चोर ठरले. एकदा दिवसभर एकच बगळा बोटीच्या टोकावर बसून होता आणि मला सारख्या खबरा येत होत्या. मग साधी गोष्ट केली. बोट ज्या साखळीनं खुंटाला बांधलेली असते त्या साखळीच्या कड्यात दाराला लावतो तसला चुंबकाचा सेन्सर बसवला. साखळी जागेवर आहे तोवर गप्प. साखळी निघाली की खबर.

बोटीच्या पुढच्या बैठकीखाली एक खोकं होतं. त्यात ट्रॅकर ठेवला, म्हणजे बोट कुठं आहे ते नकाशावर ठिपक्यासारखं दिसावं. ट्रॅकर असा घेतला की त्याच्या नंबरला फोन लावला तर बोटीतलं बोलणं ऐकू येईल. त्यालाच हूटर, म्हणजे तो भोंगा, जोडला. आणि त्यातूनच एक वायर इंजिनाच्या बंद करायच्या बटणापर्यंत नेली. मी फोनवरून हुकूम दिला की इंजिन बंद, आणि मी सोडेपर्यंत सुरू करायची दोरी कितीही ओढली तरी चालू नाही. खोक्याच्या फटी सिलिकॉननं बुजवताना मिस्टर एकदाच म्हणाले, "सोनाराच्या दुकानाला एवढं केलं नव्हतं आपण."

घाटावर आबांची पत्र्याची खोप आहे. तिच्या वरच्या बाभळीला सुगरणीची घरटी लोंबतात. त्या घरट्यांच्या मध्ये सिमकार्डवर चालणारा कॅमेरा बांधला, वाळलेलं गवत गुंडाळून. सोलरची पाटी खोपीवर टाकली. गावात आता अर्ध्या खोपींवर असते, कुणी वळून बघत नाही. रेंज काठाखाली मरत होती. मग अँटेना बाभळीच्या शेंड्याला नेली.

आबा सगळं बघत उभे होते. "हे वाजत कामून न्हाई?" त्यांनी विचारलं.

"वाजवायचं तवा मी वाजवीन."

"म्हंजी तू तिकडं परभणीत बसून माझी बोट बघणार?"

"बोट न्हाई बघणार आबा."

त्यांना कळलं. ते वल्ही उचलून घराकडं चालायला लागले.

मग वाट बघणं आलं. सकाळी आबांनी साखळी काढली की फोन वाजायचा, कॅमेऱ्यात आबांचं धोतर दिसायचं आणि मी चक्क नाराज व्हायचे. मिस्टर हसायचे. "चोराची वाट पाहुण्याची बघावी तशी बघायलीस." मला हसू यायचं नाही. मी भाजी निवडताना, दुकानात बिल करताना, मनात त्याला घाटावर आणायचे. तो आला की काय करायचं ते रोज नव्यानं ठरवायचे. इतक्या एकाग्रतेनं मी कधी देवाचं नाव घेतलं नव्हतं.

उन्हाळा लागला. आबांनी पुन्हा एकदा तलाठ्याला जागा दाखवली होती, कारण पुन्हा विचारलं होतं. तहसीलची माणसं येऊन त्याचे वाळू काढायचे तराफे जाळून गेली. मला वाटलं, आता येईल.

पालमच्या बाजाराचा दिवस होता. गाव रिकामं होतं, आबाही एसटीनं बाजाराला गेलेले. मी दुकानात एका गुरुजींना त्यांच्या गेटसाठी कॅमेरा दाखवत होते. फोन वाजला. साखळी निघाली होती. मी कॅमेरा उघडला, आणि तिथं तो होता. पांढरा शर्ट, हातात लोखंड कापायची कैची. एकटाच. त्यानं कापलेली साखळी पाण्यात टाकली, इकडं तिकडं पाहिलं, एकदा वर बाभळीकडंही पाहिलं. अगदी माझ्या डोळ्यात.

मी गुरुजींना म्हणाले, "जरा बसा." मिस्टर आतून आले. "दाब की बटण," ते म्हणाले.

"थांबा. काठावर धरला तर म्हणंल, काकाची बोट वाहून चालली होती, मी धरली."

इंजिन सुरू झालं. नकाशावरचा ठिपका काठ सोडून निघाला. मी दुकानाच्या दुसऱ्या फोनवरून ट्रॅकरचा नंबर लावला आणि रेकॉर्डिंग चालू केलं. आधी नुसती घरघर. मग त्यानं इंजिन हळू केलं, कारण त्याला फोन करायचा होता. त्याचा आवाज स्वच्छ आला.

"बंधाऱ्यापशी ट्रॉली लावून ठेव. हा, म्हाताऱ्याचीच. इंजिन काढून घेऊ, बाकीचं पेटवून देऊ. मागल्या टायमाला फळ्या ठेवल्या तर बसलाय जाळत. या टायमाला राख पण घावायला नको."

गुरुजी माझ्याकडं बघत होते. माझा चेहरा कसा झाला होता कुणास ठाऊक. ठिपका पाण्याच्या ऐन मध्यावर आला, जिथं त्याच्याच माणसांनी वाळू उपसून तळाशी खोल खड्डे केलेत, जिथं पोहणारा माणूसही उतरत नाही. मी हुकूम दिला. घरघर थांबली.

मग दोरी ओढल्याचा आवाज. पुन्हा. पुन्हा. शिव्या. इंजिनाला, आबांना, इंजिन विकणाऱ्याला. वल्ही शोधल्याची खडबड. वल्ही आबांच्या घरी भिंतीला टेकलेली होती. ती शांतता ऐकताना मला जे सुख झालं, ते मी लपवत नाही. लग्नात झालं नव्हतं एवढं.

मी माझ्या फोनवरून त्याला फोन लावला.

"बोल बाई," तो म्हणाला. आवाज एकदम गोड.

"दादा, कुठं हायस?"

"मी? पालमात. बाजारात. कामून?"

"काही न्हाई. लय शांत वाटायलाय बाजार."

"जरा बाजूला उभा राहिलोय. काय काम हुतं?"

मी हूटरचं बटण दाबलं. माझ्या कानातला फोन इतक्या जोरात किंचाळला की मला तो दूर धरावा लागला. दुकानातल्या दुसऱ्या फोनमधूनही तेच. गुरुजी खुर्चीतून उठले. मी तो वाजू दिला, पोटभर वाजू दिला, मग बंद केला.

पलीकडं पुन्हा एकदा दोरी ओढल्याचा आवाज आला.

"दादा," मी म्हणाले, "ऊन लागायलंय का?"

"बाई... इंजिन तू बंद केलंस?"

"केलं."

"चालू कर. गंमत पुरे झाली."

"गंमत न्हाई दादा. बस. मी यायलेय. उडी मारायची असंल तर मार, पण खाली खड्डे कुणी केलेत ते तुला ठावं हाय."

मी ठाण्यात फोन केला, पोलीस पाटलांना केला, आणि आम्ही दुकान बंद करून गाडी काढली. गुरुजी कॅमेरा न घेताच गेले. नंतर दोन घेतले. गंगाखेडच्या पुढं रस्ता खराब आहे, मिस्टर जोरात चालवत होते आणि सारखे विचारत होते, "वाहून गेला तर?" पाणी थांबलेलं होतं, बंधाऱ्याचे दरवाजे बंद होते, बोट कुठं जात नव्हती. "चक्कर आली तर त्याला? डोक्यावर सावली नाही." मी म्हणाले, "पाणी चहूकडं हाय. डोक्यावर घेऊ दे." लग्नानंतर पहिल्यांदाच ते मला जरा भ्यायल्यासारखे वाटले.

वाटेत मी त्याला ऐकत होते. त्यानं स्पीकरवर ट्रॉलीवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, पाण्यात कसा येऊ. तराफा एकही उरलेला नव्हता. मग त्यानं बायकोला केला, तिला म्हणाला, काकाला शोध. मधून मधून मी हूटर वाजवायचे. गरज नव्हती. पण बाजारातून परतलेल्या लोकांना घाटाकडं काय चाललंय ते कळायला पाहिजे होतं.

आम्ही पोचलो तेव्हा सगळं गाव काठावर. धुणं धुणाऱ्या त्याच बायका, तेच म्हशीवाले, ज्यांनी काही बघितलं नव्हतं. आता सगळे कपाळावर हात धरून बघत होते. बोट मध्यावर, आणि तिच्यात तो, शर्ट डोक्यावर घेऊन गुडघ्यांत मान घालून बसलेला. शेजारच्या काकू माझ्याजवळ आल्या. "नाव पण त्यानंच फोडली बरं का," मोठ्यानं म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

आबा खोपीजवळ उभे होते, हातात बाजाराची पिशवी तशीच.

"सोड त्याला," ते म्हणाले.

"पोलीस येऊ द्या."

"ऊन लय हाय. लेकरू हाय ते आपलं."

"आबा, तुमच्या नावेचं लाकूड मी न्हाणीत जाळलंय."

आबांनी पिशवी खाली ठेवली. पाण्याकडं तोंड करून बसले. मला वाईट वाटलं का? त्या वेळी नाही. मी हातात फोन घेऊन उभी होते आणि सगळी नदी माझ्या अंगठ्याखाली होती.

पोलिसांची गाडी आली. मी त्याला फोन लावला. "दादा, आता दोरी ओढ. चालू होईल. सरळ घाटाला ये. दुसरीकडं वळवलंस तर पुन्हा बंद करीन."

त्यानं दोरी ओढली. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. आणि तो आला. स्वतःच्या हातानं बोट चालवत, सगळ्या गावासमोर, सावकाश, मी उभी होते त्या जागेला. उतरताना तो चिखलात घसरला आणि हात पुढं केला. तो हात मी धरला नाही, हवालदारानं धरला.

ठाण्यात आबांनी मला तोंडघशी पाडायचा प्रयत्न केला. साहेबांना म्हणाले, "बोट मीच त्याला न्यायला सांगितली हुती. घरचा पोरगा हाय, माझी काय तक्रार न्हाई." चुलतभावानं मान वर केली. त्याच्या डोळ्यांत आशा दिसली आणि ती मला सहन झाली नाही. मी टेबलावर फोन ठेवला आणि त्याचाच आवाज खोलीत सोडला. राखेपर्यंतचा. आबांनी तो ऐकला. नावेच्या फळ्यांबद्दल तो कसा बोलला ते ऐकलं. साहेबांनी पुन्हा विचारलं, "आता काय म्हणता?" आबा म्हणाले, "पोरगी सांगंल तसं लिहा," आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले.

गुन्हा दाखल झाला. जुन्या नावेचाही, कारण आता बघितलेले पुष्कळ निघाले. जामीन मिळाला. त्याला अजून तारखांना कोर्टात यावं लागतं. वाळू आमच्या घाटावरून बंद झाली. दुसऱ्या कुठल्या तरी घाटावर चालू असणार. गावातली पोरं त्याला बघून तोंडानं हूटर वाजवतात असं काकू सांगतात. मी त्यांना हे पुन्हा पुन्हा सांगायला लावते.

आबा त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी फोनवर नीट बोलले नाहीत. एकदा मात्र स्वतःहून फोन आला. खोक्यात पाणी शिरल्यासारखं वाटतंय, येऊन बघ म्हणाले. गेले. सिलिकॉन उकललं होतं, ते पुन्हा भरलं. आबा वल्ही धरून शेजारी उभे राहिले. मी निघताना त्यांनी माझ्या पिशवीत हरभरा घातला.

मागच्या महिन्यात चुडाव्याला नात्यातलं लग्न होतं. मी पंगतीत बसले होते, आणि वाढायला तो आला. जिलेबीचं ताट हातात. मांडवात त्याला बघून दोन-तीन बायकांनी एकमेकींना कोपर मारलं. तो माझ्यासमोर थांबला. वाळलाय. गालफडं बसलीत. वाकून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "झालं का समाधान?"

मी त्याच्याकडं बघितलं. खरंच विचार केला. त्याच्या प्रश्नाला खरं उत्तर द्यावंसं वाटलं.

"न्हाई दादा," मी म्हणाले. "अजून न्हाई."

आणि माझं ताट पुढं केलं. त्यानं दोन जिलेब्या वाढल्या आणि पुढच्या पानाकडं सरकला.